फोर्क ब्रेस : दोन पायांमधली कमान

काही मोटरसायकलींच्या पुढच्या चाकावर, मडगार्डच्या जरा वर, एक छोटी अल्युमिनियमची कमान दिसते. शॉकअपच्या डाव्या आणि उजव्या पायाला धरून ठेवणारी. चार-सहा बोल्ट, एक जाडसर पट्टी, बास. बघणाऱ्याला वाटतं शोभेची वस्तू आहे. गाडीवाला मात्र छाती फुगवून सांगतो, "ब्रेस आहे. हँडलिंग बदललं ना राव!"

खरंच बदलतं का? आणि एवढ्याशा पट्टीने बदलत असेल तर कंपनीनेच ती का नाही बसवली? हे दोन प्रश्न दिसायला साधे आहेत, पण त्यांची उत्तरं शोधायला गेलं की मोटरसायकलचा जवळपास शंभर वर्षांचा इतिहास उलगडायला लागतो. मला तर हा इतिहास आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्याच्या फार जवळचा वाटतो. का ते पुढे येईलच.

आधी एकच पाय होता

आज आपण ज्याला 'पुढचे शॉकअप' म्हणतो, म्हणजे दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि ऑइल, त्याला टेलिस्कोपिक फोर्क म्हणतात. मोटरसायकलला हा प्रकार जन्मापासून नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत बहुतेक गाड्यांना गर्डर फोर्क असायचा. नावाप्रमाणेच गर्डर. पुलाच्या कैचीसारखा, नळ्या एकमेकींना जोडून केलेला एक सलग सांगाडा. तो चार छोट्या दुव्यांवर वर-खाली हलायचा आणि हँडलसमोर एक स्प्रिंग असायची.

गर्डरचे तोटे भरपूर. चाकाला वर-खाली हलायला जागा कमी. दुव्यांचे बुश झिजायचे, सारखं ग्रीस भरावं लागायचं. धक्के शमवायला घर्षणाच्या चकत्या, त्याही हाताने नॉब पिळून घट्ट करायच्या. पण एक गुण जबरदस्त होता: सांगाडा सलग असल्यामुळे डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळं वागूच शकत नव्हती. दोन्ही मिळून एकच पाय.

नळीत नळी सरकवण्याची कल्पना तशी जुनी. इंग्लंडच्या आल्फ्रेड स्कॉटच्या गाडीवर १९०८ सालीच तिचं एक रूप होतं. डेन्मार्कच्या निंबस कंपनीने १९३४ मध्ये टेलिस्कोपिक फोर्क दिला. पण धक्का तेलाच्या दाबाने शमवणारा टेलिस्कोपिक फोर्क रस्त्यावरच्या गाडीवर प्रथम आणला तो बीएमडब्ल्यूने, १९३५ साली, आर१२ आणि आर१७ या मॉडेलवर. तेल बारीक भोकातून जाताना अडतं आणि स्प्रिंगची उसळी तिथल्या तिथे मरते. चकत्या नाहीत, नॉब नाही, चाकाला हलायला जागा जास्त, आणि दिसायलाही सुटसुटीत.

पुढे महायुद्ध आलं. ब्रिटिश सैन्यासाठी मॅचलेस कंपनीने १९४१ मध्ये जी३/एल ही गाडी काढली, तिला 'टेलिड्रॉलिक' नावाचा तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क होता. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच गर्डर जवळपास इतिहासजमा झाला. आपली बुलेटसुद्धा याच लाटेतली: १९४९ ची रॉयल एनफिल्ड बुलेट टेलिस्कोपिक फोर्क घेऊनच आली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाल्यावर तोच ढाचा आपल्याकडे पुढची कित्येक दशकं चालला.

म्हणजे सगळं उत्तम झालं? जवळपास. फक्त या बदलात एक गोष्ट चुपचाप निसटली. सलग सांगाडा गेला आणि त्याच्या जागी दोन स्वतंत्र पाय आले.

दोन पाय, दोन स्वभाव

जरा गाडीसमोर उकिडवे बसून बघा. (मनातल्या मनात चालेल!) दोन फोर्क पाइप वरती दोन 'टी'मध्ये, म्हणजे वरच्या आणि खालच्या जोडपट्टीत, घट्ट पकडलेले असतात. पाइपवर खालून दोन 'बॉटम' चढवलेले असतात आणि ते पाइपवर वर-खाली सरकतात. खाली दोन्ही बॉटमना जोडतो तो फक्त चाकाचा एक्सल. खालच्या टी-पासून एक्सलपर्यंत मध्ये दुसरं काहीच नाही.

आता तुम्ही हँडल वळवता. वळवण्याची शक्ती टी-मधून पाइपात, पाइपातून बॉटममध्ये आणि तिथून एक्सलमार्गे चाकात जाते. चाक मात्र रस्त्याला चिकटून बसलेलं असतं, ते थोडा विरोध करतं. अशा वेळी दोन्ही पाय किंचित पिळले जातात: एक जरा पुढे, दुसरा जरा मागे. हँडल वळलेलं असतं, चाक अजून तितकं वळलेलं नसतं. हा फरक अगदी थोडा असतो, पण चालवणाऱ्याच्या हातांना तो बरोबर कळतो. "गाडी जरा उशिरा ऐकते" किंवा "पुढचं चाक भरकटल्यासारखं वाटतं" असं लोक म्हणतात ते हेच.

ब्रेकचं आणखी वेगळं. एकाच बाजूला डिस्क असेल तर ब्रेकची सगळी प्रतिक्रिया त्या एकाच पायावर येते. तो पाय वाकायला बघतो, दुसरा निवांत असतो. परिणाम पुन्हा पीळ. खड्ड्याची कड तिरकी लागली तरी तेच: एक बॉटम दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त वर सरकायला बघतो आणि बिचारा एक्सल एकटा दोघांना समजावत बसतो.

फोर्क ब्रेस नेमकी इथे काम करते. दोन्ही बॉटमच्या वरच्या टोकांना, ऑइल सीलच्या जवळ, ती एक पक्की कमान टाकते. खाली एक्सल आणि वर कमान अशी चौकट तयार होते आणि दोन्ही बॉटम पुन्हा एक होतात. गर्डरमध्ये जे फुकट मिळत होतं ते चार बोल्टांनी परत मिळवायचं, इतकंच.

आता गंमत अशी की जुन्या गाड्यांवर हे काम एक भलतीच वस्तू गुपचूप करत होती: पत्र्याचं मडगार्ड! बुलेटसारख्या गाडीचं जाड पोलादी मडगार्ड दोन्ही बॉटमना बोल्टने धरलेलं असतं. नाव मडगार्ड, पण अंगी थोडीफार ब्रेसची कामगिरी. जुन्या होंडा सीबी७५० चंही तसंच. म्हणून हौसेने मडगार्ड काढून गाडी 'हलकी' करणाऱ्यांना मग पुढचं चाक डुगडुगतंय असं वाटायला लागतं. जी गोष्ट काहीच करत नाही असं वाटतं, ती काढून टाकल्यावर काय करत होती ते कळतं. जुना कोड साफ करणाऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको :)

इंजिन पळालं, चासी मागे राहिली

पंचवीस-तीस वर्षं हे पिळणं कोणाला फारसं खुपलं नाही, कारण ताकदच बेताची होती. १९३५ च्या बीएमडब्ल्यू आर१७ चं इंजिन ३३ हॉर्सपॉवरचं. १९५० मध्ये नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेमने हँडलिंगचा नवा मापदंड घालून दिला, तोही टेलिस्कोपिक फोर्क लावूनच. बारीक टायर, हलकी गाडी, दमदार फ्रेम. सगळं एकमेकांना शोभणारं होतं.

मग १९६९ उजाडलं. कावासाकीची एच१ आली: ५०० सीसी, तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ६० हॉर्सपॉवर. त्याच सुमाराला होंडाची सीबी७५०: चार सिलिंडर, ६७ हॉर्सपॉवर, आणि पुढे एकच डिस्क ब्रेक. १९७२ मध्ये कावासाकीची झेड१: ९०३ सीसी, ८२ हॉर्सपॉवर. इंजिनं एकाहून एक. पण फोर्क पाइप? सीबी७५० ला ३५ मिलिमीटर, झेड१ ला ३६ मिलिमीटर. सव्वादोनशे किलोच्या आसपास वजनाची गाडी ताशी दोनशे किलोमीटरकडे झेपावते आणि तिचं पुढचं चाक अंगठ्यापेक्षा थोड्या जाड दोन नळ्यांच्या भरवशावर!

या गाड्यांबद्दल त्या काळात एक तक्रार सगळीकडे होती. सरळ रस्त्यावर इंजिन स्वर्ग दाखवतं आणि लांब वेगवान वळणावर गाडी नागमोडी डोलायला लागते. एच१ ला तर अमेरिकेत 'विधवा करणारी' असंच नाव पडलं होतं. हँडल अचानक थरथरायला लागणं हा शेकडो किलोमीटर वेगाच्या जगात विनोद नव्हता, त्यात माणसं जायची.

या डोलण्यामागचं गणित शोधणाऱ्यांमध्ये ब्रिटनच्या रॉबिन शार्प यांचं नाव महत्त्वाचं. १९७१ मध्ये त्यांनी मोटरसायकलच्या स्थिरतेवर शोधनिबंध लिहिला आणि गाडीच्या बिघडण्याच्या तीन तऱ्हा वेगळ्या केल्या. एक, गाडी हळूहळू एका बाजूला कलंडणं. हे चालवणारा सहज सावरतो. दोन, 'वीव्ह', म्हणजे अख्खी गाडी मागच्या भागासकट डोलणं, सेकंदाला साधारण दोन ते चार वेळा, आणि मुख्यतः जास्त वेगात. तीन, 'वॉबल', म्हणजे पुढचं चाक आणि हँडल झपाट्याने थरथरणं, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. दोन्हींना आपण एकाच शब्दात 'गाडी मारते' म्हणतो, पण त्यांची कारणं आणि औषधं वेगळी असतात.

त्या पहिल्या गणितात फ्रेम आणि फोर्क पूर्ण कडक धरले होते. त्यामुळे एक विसंगती राहिली. गणिताप्रमाणे वॉबल वेग वाढेल तसा बिघडत जायला हवा होता, पण प्रत्यक्षात अनेक गाड्यांचं हँडल मध्यम वेगालाच जास्त थरथरायचं. पुढच्या काळात फोर्कचं लवचीकपण गणितात घातलं आणि मग कुठे कागद आणि रस्ता जुळायला लागले. म्हणजे लवचीकपण हा किरकोळ तपशील नव्हता, तो गाडीच्या स्वभावाचाच भाग होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

गॅरेजमधला पॅच

अमेरिकेत १९७६ पासून सुपरबाइक शर्यतींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. गाडी दुकानात मिळते त्याच गाडीवर आधारलेली हवी, उंच हँडलसकट. म्हणजे कावासाकी झेड१ ची पुढची भावंडं, सुझुकी जीएस१०००, होंडाची चार सिलिंडरवाली मंडळी. रेग प्रिडमोर, वेस कूली, एडी लॉसन ही त्या पर्वातली विजेत्यांची नावं. आणि पॉप्स योशिमुरांसारखे इंजिनाचे जादूगार त्याच जुन्या ढाच्यातून आणखी ताकद काढत होते. योशिमुरांच्या जीएस१००० ने १९७८ मध्ये जपानमधली पहिली सुझुका आठ तासांची शर्यतही मारली.

ताकद काढली, आता ती रस्त्यावर टेकवायची कशी? नवी फ्रेम आणायला नियमांची आडकाठी. मग एकच मार्ग उरला: आहे त्याला टेकू. फ्रेमच्या जोडांवर जादा नळ्या आणि पट्ट्या वेल्ड करायच्या, मागचा स्विंगआर्म मजबूत करायचा आणि पुढे दोन बॉटममध्ये कमान ठोकायची. शर्यतीत दिसलं की रस्त्यावर येतंच. इटलीची तारोझी, जर्मनीची टेलिफिक्स, अमेरिकेची सुपरब्रेस अशा छोट्या कंपन्यांनी वेगवेगळ्या मॉडेलसाठी तयार कमानी विकायला सुरुवात केली. शनिवारी दुपारी पाना घेऊन बसलं की संध्याकाळपर्यंत गाडी बदललेली.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. मूळ प्रॉडक्टमध्ये दोष आहे, पुढचं व्हर्जन यायला वर्षं लागणार आहेत, तोवर वापरणारेच एक पॅच लिहितात. पॅच चांगला असेल तर काय होतं? कंपनी तो हळूच मूळ कोडमध्ये घेते. इथेही अगदी तसंच झालं. १९८० च्या दशकात कंपन्यांनी स्वतःच मडगार्डखाली कमान घालायला सुरुवात केली. मग पाइपच जाड झाले: ३७, ३९, ४१, ४३ मिलिमीटर. एक्सल जाड आणि पोकळ झाला. पुढे डिस्क दोन झाल्या, त्यामुळे ब्रेकचा एकतर्फी पीळही गेला.

पाइप जाड केल्याने किती फरक पडतो? नळीच्या भिंतीची जाडी तेवढीच ठेवली, तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा साधारण व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढतो. घरचंच उदाहरण घेऊ. जुन्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे फोर्क पाइप ३५ मिलिमीटरचे होते. २०२१ मध्ये नव्या ढाच्यावर आलेल्या क्लासिक ३५० चे ४१ मिलिमीटरचे. फक्त सहा मिलिमीटर! पण हिशेब केला तर ताठपणा सुमारे १.६ पट. दोन्ही गाड्या चालवलेले लोक म्हणतात "नवीन जास्त ठाम वाटते", त्यामागे नवी फ्रेम तर आहेच, पण हे सहा मिलिमीटरही आहेत.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे उलटा फोर्क. यात जाड नळी वर, टी-मध्ये, आणि बारीक नळी खाली. वाकवणारा जोर जिथे सगळ्यात जास्त, म्हणजे खालच्या टी-पाशी, तिथे जाड नळी आली. २०१२ मध्ये चाकणच्या बजाजच्या कारखान्यातून केटीएम ड्यूक २०० बाहेर पडली ती ४३ मिलिमीटरचा असा फोर्क घेऊन. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांच्या हातात हे तंत्र आलं ते तिच्यामुळे. आणि या फोर्कला ब्रेस लावताच येत नाही! खालची नळी वरच्या नळीत शिरते, मग कमान लावणार कुठे? तिथे दोन्ही पायांना एकत्र ठेवायचं काम जाड एक्सल आणि त्याच्या पकडीवर येतं.

भारतात हा सगळा प्रश्न उशिरा पोचला याचं कारणही सरळ आहे. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी१०० आली आणि पुढची कित्येक वर्षं आपण मोटरसायकल विकत घेतली ती मायलेजवर. शंभर सीसीच्या गाडीला फोर्क पिळण्याइतका जोर आणणार कुठून? आता तीनशे-चारशे सीसी, चांगले टायर, एक्सप्रेसवे आणि मागे दोन बॅगा लादून लेहपर्यंतची सफर हे सगळं आलं, म्हणून तो जुना प्रश्न नव्याने विचारला जातोय.

मग जितकं कडक तितकं चांगलं?

इथेच बरेच जण फसतात. इतिहासाचा पहिला भाग ऐकून वाटतं की सगळं कडक करत जायचं. शर्यतींच्या जगालाही बराच काळ तसंच वाटत होतं. पण गाडी खूप झुकली की एक वेगळाच हिशेब सुरू होतो. शॉकअप काम करतो तो गाडीच्या स्वतःच्या उभ्या रेषेत. गाडी ६० अंश झुकली तर रस्त्याच्या धक्क्याचा निम्माच भाग त्या रेषेत येतो, बाकीचा आडवा येतो. आडवा धक्का शॉकअपला दिसतच नाही. तो शोषून घ्यायचा तर फ्रेम आणि फोर्कनेच थोडं आडवं वाकायला हवं. नाहीतर टायर रस्ता सोडतो.

म्हणून मोटोजीपीचे इंजिनिअर आज फ्रेमला मुद्दाम, मोजून-मापून आडवी लवचीक ठेवतात. डुकाटीने २००९ मध्ये मोटोजीपीसाठी कार्बन फायबरची चासी आणली. २०११ मध्ये व्हॅलेंटिनो रोसी तिच्यावर चाचपडत राहिला, पुढच्या चाकाचा अंदाजच येत नाही म्हणत. २०१२ मध्ये डुकाटी अल्युमिनियमच्या फ्रेमकडे वळली. ताठपणा हे त्या गोष्टीतलं एकमेव कारण नव्हे, पण 'कडक म्हणजेच चांगलं' या समजुतीला त्या वर्षांत चांगलाच तडा गेला. आणि मघाचं शार्प यांच्या गणिताचं आठवतंय ना? फोर्कचं लवचीकपण वॉबलला नेहमी वाईटच करतं असंही नाही.

मग ब्रेसचं काय? ब्रेस चांगली ठरली ती 'कडक' असल्यामुळे नव्हे, तर नेमक्या जागी कडक असल्यामुळे. दोन पाय एकमेकांच्या विरुद्ध पिळले जाणं याचा कोणालाच काही उपयोग नव्हता. ब्रेस बरीचशी तेवढीच हालचाल थांबवते, बाकी फोर्कला वाकू देते.

हे समजलं की लावायची की नाही हा निर्णय सोपा होतो. पाइप पस्तिशीच्या आसपास, मडगार्ड प्लास्टिकचं किंवा काढून टाकलेलं, एकच डिस्क, वर सामान आणि वेग, अशी गाडी असेल तर फरक कळेल. गाडीला ४१-४३ चे पाइप आणि कंपनीची कमान असेल तर पैसे चांगल्या टायरवर घाला.

आणि हँडल थरथरतं म्हणून कोणी ब्रेस घ्यायला निघाला असेल तर त्याला आधी थांबवा. कोनसेट ढिला आहे का, टायरमध्ये हवा किती, चाकाचे बेअरिंग, स्विंगआर्मचे बुश, स्पोक... हे सगळं आधी बघायचं. झिजलेल्या कोनसेटवर ब्रेस लावणं म्हणजे बग न शोधता एरर मेसेज लपवणं. फरक एवढाच की इथे सर्व्हर पडत नाही, माणूस पडतो.

बसवतानाही तेच तत्त्व. कमान दोन पायांवर अलगद बसली पाहिजे. ताणून किंवा ठोकून बसवली तर बॉटम एकमेकांकडे ओढले जातात, पाइप अडकून सरकायला लागतात, ऑइल सील लवकर जातात आणि गाडी आधीपेक्षा वाईट होते. म्हणून आधी एक्सलची पकड ढिली करून, पुढचा ब्रेक धरून गाडी चार-सहा वेळा खाली दाबायची, पाय आपापल्या जागी येऊ द्यायचे, मग पकड आवळायची. त्यानंतर ब्रेस हाताने बसवायची, बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीने आवळायचे आणि फोर्क पूर्वीइतकाच मोकळा सरकतोय ना ते पुन्हा दाबून बघायचं. पूर्ण दाबल्यावर कमान खालच्या टी-ला किंवा ब्रेकच्या पाइपला लागत नाही ना, हेही.

थोडक्यात काय, १९३५ मध्ये आपण एक सलग पाय देऊन दोन आरामदायी पाय घेतले. सौदा फायद्याचाच होता, फक्त त्याची शिल्लक रक्कम चाळीसेक वर्षांनी, इंजिनं मोठी झाल्यावर, गॅरेजमधल्या लोकांनी चुकती केली. कंपन्यांनी ती नंतर आपल्या खात्यात वळती करून घेतली. पुढच्या वेळी गाडी धुताना पुढच्या मडगार्डखाली जरा वाकून हात फिरवा. दोन बॉटमना जोडणारी एक पट्टी हाताला लागली, तर समजा की तुमच्या गाडीत तो पॅच आधीच आलेला आहे.